अभ्यासपाठ : दुखणाइताचा लहान सोबती

पाठाचा हेतु : आजारी, वृद्ध व एकाकी माणसांना, तसेच स्वमग्न मुलांना, गिनीपिगसारख्या लहान पाळीव प्राण्याच्या सहवासाने काय लाभ होतो, तो लाभ कोठवर खरा आहे, आणि तो घेताना त्या मुक्या जिवाविषयी आपले कर्तव्य काय, हे समजून घेणे.



आजाऱ्यांच्या भेटीस जाण्याचा परिपाठ आपल्या मंडळ्यांत जुना आहे. आपण जातो, उशाशी बसतो, विचारपूस करतो, प्रार्थना करतो आणि तासाभराने घरी परततो. दिवसाचे उरलेले तेवीस तास त्या दुखणाइताने कसे काढावे, हा प्रश्न मात्र त्याच्या खोलीतच राहतो. मुले नोकरीनिमित्त परगावी गेलेली, जोडीदार निवर्तलेला, हातपाय पूर्वीसारखे चालत नाहीत, अशी माणसे प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांच्या दुखण्यात औषधाने न भरणारी एक पोकळी असते. आपले आता कोणावाचून अडत नाही, आणि आपल्यावाचूनही कोणाचे अडत नाही, ही ती पोकळी होय. प्रस्तुत पाठात आम्ही या पोकळीचाच विचार करणार आहोत, आणि तो एका किलोभर वजनाच्या प्राण्याच्या निमित्ताने.

१. हा प्राणी कोणता?

गिनीपिग हे नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. हा डुकराच्या जातीचा नव्हे, आणि आफ्रिकेतील गिनी देशाशीही त्याचा संबंध नाही. तो उंदीर, खार यांच्याप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडतो. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश, म्हणजे आजचे पेरू, बोलिव्हिया, एक्वाडोर इत्यादि देश. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले, ते मुख्यतः अन्नासाठी. तेथे त्याला ‘कुई’ म्हणतात आणि आजही तेथे तो खाल्ला जातो. पेरूतील कुस्को शहराच्या कॅथीड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगविलेले शेवटल्या भोजनाचे चित्र आहे. त्यात मेजाच्या मधोमध थाळीत एक भाजलेला प्राणी दाखविला आहे, आणि तो कुईच असे बहुतेक लोक मानतात. स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात हा प्राणी युरोपात गेला आणि तेथे मुलांचा खेळगडी झाला.

पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. आयुष्य पाच ते सात वर्षे, कधी आठही. मादी सुमारे ५९ ते ७२ दिवस गाभण असते, आणि पिले जन्मतःच डोळे उघडलेली, अंगावर केस असलेली अशी होतात. स्वभाव भित्रा पण गरीब. नीट हाताळल्यास हा प्राणी क्वचितच चावतो. तो मांडीवर मावतो, आणि दिवसाउजेडी बराच वेळ जागा असतो. कुत्र्याला भिणाऱ्या मुलाला किंवा मोठे जनावर ज्यांना आवरत नाही अशा वृद्धांना तो सोयीचा वाटतो, तो या गुणांमुळे.

२. या प्राण्याने आपल्यासाठी काय सोसले?

‘आमचा गिनीपिग करू नका’ असे आपण बोलण्यात सहज म्हणतो. त्यामागे खरा इतिहास आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढले, तेव्हा ते जंतूच क्षयाचे कारण आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी गिनीपिगांना त्यांची लागण करून पाहिली. घटसर्पावरील प्रतिविषाच्या शोधातही हाच प्राणी कामी आला.

१९०७ साली नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिक यांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेविले, तेव्हा त्या प्राण्यांस स्कर्व्ही हा रोग जडला. ताजा भाजीपाला देताच ते सुधारले. या प्रयोगाने पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. हा प्रयोग साधला याचे कारण असे की, बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात, परंतु मनुष्य व गिनीपिग या दोघांनाही ते करता येत नाही. दोघांनाही ते अन्नातूनच मिळवावे लागते.

म्हणजे आधी अन्न म्हणून, मग प्रयोगाचे साधन म्हणून माणसाने या प्राण्याचा उपयोग केला. आता दुःखिताचा सोबती म्हणून आपण त्याच्याकडे पाहत आहो. हा तिसरा उपयोगही पहिल्या दोहोंसारखाच एकतर्फी असावा काय? हा प्रश्न वाचकांनी या पाठाच्या शेवटापर्यंत मनात ठेवावा अशी आमची विनंती आहे.

३. ही कल्पना नवी नाही

इंग्लंडातील यॉर्क शहरात १७९० साली क्वेकर पंथाची हॅना मिल्स नावाची एक विधवा वेड्यांच्या इस्पितळात मरण पावली. तिच्या पंथबंधूंना तिची भेट घेऊ दिली गेली नव्हती. या घटनेने व्यथित होऊन विल्यम ट्यूक व त्यांच्या क्वेकर सहकाऱ्यांनी ‘रिट्रीट’ नावाचे आश्रयस्थान काढले. ते १७९६ साली उघडले. तेथे साखळदंड व मारहाण यांना फाटा देऊन मनोरुग्णांशी माणुसकीने वागण्यात येई. त्या घराच्या अंगणांत ससे, कोंबड्या व इतर लहान प्राणी ठेविलेले असत. आपल्याहून दुबळ्या जिवाची काळजी घेता घेता रुग्णाचे मन स्वतःबाहेर येते, असा त्या लोकांचा अनुभव होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्यांना लहान पाळीव प्राणी हा चांगला सोबती होतो, असे नमूद केले आहे. रुग्णाला शक्य असेल तर प्राण्याचे खाणे व साफसफाई त्यानेच करावी आणि त्यास तसे उत्तेजन द्यावे, असेही त्यांचे मत होते. प्राणी समोर नुसता शोभेसाठी न ठेवता त्याचे काम रुग्णाच्या हाती द्यावे, ही सूचना एका अनुभवी परिचारिकेची आहे.

पुढे न्यूयॉर्क येथील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्या ध्यानात आले की, आपला कुत्रा खोलीत असला म्हणजे जी मुले कोणाशी बोलत नाहीत तीही हळूहळू बोलू लागतात. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी हे मांडले तेव्हा काही सहव्यवसायींनी थट्टा केली. परंतु १९६९ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले आणि त्यानंतर या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास जोमाने सुरू झाला.

४. अभ्यासातून काय दिसले?

(अ) स्वमग्न मुले. स्वमग्नता असलेल्या मुलाला इतरांशी नजर मिळविणे, बोलणे, खेळात मिसळणे जड जाते. ऑस्ट्रेलियात मार्गरिट ओहेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या वर्गांत दोन दोन गिनीपिग नेऊन पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९९ मुले होती, त्यांपैकी ३३ स्वमग्न. तीन तीन मुलांचा गट करून, प्रत्येक गटात एक स्वमग्न मूल व दोन सोबती अशी रचना होती. खेळणी समोर असताना मुले कशी वागतात आणि गिनीपिग समोर असताना कशी वागतात याची तुलना केली. प्राणी समोर असताना स्वमग्न मुले अधिक बोलली, सोबत्यांच्या चेहऱ्याकडे अधिक वेळा पाहू लागली, अधिक हसली, आणि त्यांचे रडणे व कुरकुरणे कमी झाले.

२०१५ साली याच संशोधकांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३८ स्वमग्न मुले व त्यांचे ७६ सोबती होते. सर्वांच्या मनगटावर एक पट्टा बांधला होता. मनावर ताण आला किंवा मन उत्तेजित झाले म्हणजे त्वचेत जो सूक्ष्म विद्युत्‌ बदल होतो, तो हा पट्टा मोजतो. मुलांनी आधी मनात वाचले, मग मोठ्याने वाचले, मग खेळण्यांशी खेळली, आणि शेवटी गिनीपिगांबरोबर बसली. स्वमग्न मुलांची उत्तेजना गिनीपिगांच्या सहवासात सर्वांत कमी आढळली. इतर मुलांची मात्र वाढली, बहुधा आनंदाच्या भराने.

असे का व्हावे? दोन मुले समोरासमोर बसली म्हणजे एकमेकांच्या चेहऱ्याचा भार पडतो. मध्ये गिनीपिग असला म्हणजे दोघांचे डोळे एकाच ठिकाणी लागतात. ‘तो काय खातो बघ’ एवढे वाक्य पुरते, आणि संभाषणाला दार उघडते. प्राणी मुलाला प्रश्न विचारीत नाही, त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही, चुकीला हसत नाही.

(आ) मेंदूला इजा झालेले रुग्ण. स्वित्झर्लंडातील बाझेल येथे मेंदू व पाठीच्या कण्याच्या इजेनंतर रुग्णांना पुन्हा उभे करणारे एक रुग्णालय आहे. तेथे कारिन हेडिगर व सहकाऱ्यांनी १९ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांपैकी काही बैठका गिनीपिग, ससे इत्यादि प्राण्यांसह व काही प्राण्यांविना घेतल्या. प्राणी असताना रुग्ण अधिक बोलले, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद अधिक दिसला, आणि उपचारात भाग घेण्याची त्यांची उमेदही वाढली.

शरीराच्या दृष्टीने यातील मर्म सोपे आहे. अर्धांगवायूने अधू झालेल्या हाताने रबरी चेंडू वीस वेळा दाबा म्हटले, तर रुग्ण कंटाळतो. त्याच हाताने काकडी चिरावयाची, कोथिंबिरीच्या काड्या निवडावयाच्या, मऊ ब्रशाने केस विंचरावयाचे म्हटले, तर तो व्यायाम आहे हेच त्याच्या लक्षात राहत नाही.

(इ) हृदयविकार. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या दुखण्यातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची एका वर्षानंतर चौकशी केली. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले होते, आणि नसलेल्या ३९ जणांपैकी ११.

५. लाभाची मर्यादा

वरील आकडे वाचून कोणी लगेच बाजाराकडे धाव घेऊ नये. १९८० चा अभ्यास पाहणीचा होता. ज्यांना प्राणी सांभाळता येतो ते मुळातच थोडे अधिक धडधाकट असू शकतात, आणि नंतरच्या काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही. वर्गांतील व रुग्णालयातील अभ्यास लहान होते, आणि प्राणी आहे की नाही हे भाग घेणाऱ्यांपासून लपविणे तर अशक्यच. गिनीपिगमुळे स्वमग्नता जात नाही, लकवा बरा होत नाही, खोल नैराश्य निघून जात नाही. डॉक्टरांचे औषध व व्यायाम बंद करून त्यांच्या जागी प्राणी आणणे हा रुग्णावर अन्यायच होय. मात्र भोवतालच्या माणसांशी मन जुळण्यास व उपचारात रुची येण्यास त्याचे साहाय्य होते, एवढे म्हणण्यास वरील अभ्यासांचा आधार आहे. ज्याच्या घरात कित्येक महिने हसू उमटलेले नाही, त्याला ‘एवढे’ म्हणजे थोडे नव्हे.

६. त्याचीही काळजी

आता दुसरी बाजू. गिनीपिग हा रानात शिकार होणारा प्राणी आहे. घार वरून झडप घालते, म्हणून वरून येणारा हात त्याला घारीसारखाच वाटतो. भीती वाटली म्हणजे तो पळतो, नाहीतर दगडासारखा निश्चल होतो. येथे फार मोठी फसगत होते. मांडीवर अगदी गप्प बसलेला गिनीपिग पाहून ‘किती शांत आहे, किती प्रेमळ आहे’ असे आपण म्हणतो, आणि तो बिचारा भीतीने गोठलेला असतो. खुशीत असलेला गिनीपिग खातो, इकडेतिकडे हुंगतो, घशातून मंद आवाज काढतो, आणि लहान असला तर जागच्या जागी उड्या मारतो.

यास्तव पुढील गोष्टी पाळाव्या :

(१) एकटा ठेवू नये. हा कळपाने राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडात २००८ पासून गिनीपिग एकटा पाळण्यास कायद्याने मनाई आहे. माणसाचे एकटेपण घालविण्यासाठी दुसऱ्या जिवास एकटे पाडणे शोभत नाही. दोन माद्या ठेवणे सोयीचे. नर व मादी एकत्र ठेवल्यास पिलांना पारावार राहत नाही.

(२) दोघांना सुमारे आठ चौरस फुटांची मोकळी जागा, तळ सपाट असावा. तारेच्या जाळीने पाय सोलतात. आत लपण्यासाठी पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे घरकुल अवश्य हवे. रुग्णाजवळ आणतानाही ते बरोबर आणावे, आणि प्राणी आत शिरला तर त्यास ओढून काढू नये.

(३) मुख्य अन्न वाळलेले गवत, तेही दिवसभर समोर. दात सतत वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात. क जीवनसत्त्व रोज १० ते ३० मिलिग्रॅम मिळाले पाहिजे. त्यासाठी ढोबळी मिरची, कोथिंबीर, कधी पेरूची लहानशी फोड द्यावी. लसूणघास मोठ्या प्राण्यास नेहमी देऊ नये. त्यातील चुन्याच्या अंशामुळे मूतखडा होण्याचा संभव असतो. कांदा, लसूण व बटाटा मुळीच देऊ नये.

(४) उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे, कारण उंचावरून पडल्यास हाडे मोडतात. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे. आधी व नंतर हात साबणाने धुवावे.

(५) अर्ध्या दिवसाहून अधिक काळ काही खाल्ले नाही तर ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. पेनिसिलीनसारखी औषधे याला घातक ठरतात, म्हणून माणसांची औषधे घरच्या घरी देऊ नयेत.

(६) गिनीपिगपासून माणसास नायटा होऊ शकतो, दम्याच्या रुग्णास केसांचा त्रास होऊ शकतो. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

७. आपल्या गावची हवा

गिनीपिग थंड पर्वतांचा रहिवासी. १८ ते २३ अंश सेल्सियस ही त्याला मानवणारी हवा. २७ अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो आणि उष्माघाताने तो थोड्या वेळात दगावू शकतो. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ज्या घरात दुपारी खोली थंड राखण्याची व वीज गेल्यास पर्यायी सोय नाही, तेथे हा प्राणी आणू नये असेच आमचे स्पष्ट मत आहे. गोव्यात व कोकणपट्टीत पावसाळ्यातील ओल ही दुसरी अडचण. गवताला बुरशी येते, आणि तसे गवत खाऊ घातल्यास प्राणी आजारी पडतो.

मग आपल्या आजोबांचे काय? येथे आणखी एक अभ्यास आठवावा. १९७६ साली अमेरिकेत एलेन लँगर व जुडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात काही रहिवाशांना आपापल्या बाबींत निवड करण्याची मुभा दिली, आणि एकेक रोपटे देऊन त्याची काळजी त्यांच्यावर सोपविली. दुसऱ्या गटालाही रोपटी दिली, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेविले. पहिल्या गटातील वृद्ध अधिक उत्साही व सावध आढळले. तेव्हा कुंडीतील तुळस किंवा मोगरा, अंगणातील कोंबडी, दाराशी येणारे मांजर, यांपैकी जे आपल्या घराला व हवेला झेपेल ते घ्यावे. आजोबांच्या हातून रोज कोणाला तरी काहीतरी मिळावे, एवढेच पाहावे.

८. वियोगाचा दिवस

ज्या घरात गिनीपिग येतो तेथून तो पाच-सात वर्षांत जातोही. हे आधीच ध्यानात घ्यावे. ऐंशी वर्षांच्या आजीने पिलू आणले तर आजीनंतर ते कोण सांभाळील, हे आणतानाच ठरवावे. मुलाचा प्राणी मेला तर रातोरात तसाच दुसरा आणून ठेवू नये. मुलाला फरक कळतो, आणि मोठ्यांच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. ‘तो झोपला’ असेही सांगू नये. तो मेला, आता तो परत येणार नाही, असे जवळ घेऊन सांगावे, त्याला पुरताना मुलाला बरोबर न्यावे आणि रडू द्यावे. मागे राहिलेला जोडीदार प्राणीही एकटा पडलेला असतो, त्याचीही सोय पाहावी.

नाथानाने दाविदाला सांगितलेल्या दृष्टांतातील गरिबाची मेंढी आपणा सर्वांस ठाऊक आहे. ती त्याच्या लेकरांबरोबर वाढली आणि त्याच्या घासातले खात असे. दृष्टांत ऐकून राजास राग आला, कारण त्या घरात ती मेंढी मालमत्तेपैकी नव्हती, कुटुंबापैकी होती. दुखणाइताच्या मांडीवर प्राणी ठेवण्यापूर्वी या भेदाचा विचार करावा. घेणाऱ्या हाताने देणेही पत्करले, तर दोघांचेही भले होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत ज्यांच्यावर आता कोणतीच जबाबदारी उरलेली नाही अशी माणसे कोण? त्यांच्या शक्तीला झेपेल असे कोणते काम त्यांच्याकडे सोपविता येईल?
२. स्वमग्न मूल उपासनेस किंवा संडे स्कूलला आले असता इतर मुलांनी त्याच्याशी कसे वागावे? दोघांचे लक्ष एकत्र लागेल अशी कोणती वस्तू किंवा काम मध्ये ठेवता येईल?
३. गप्प बसलेला प्राणी सुखी आहे की भ्यालेला, हे कसे ओळखाल? गप्प बसणाऱ्या माणसाविषयी आपला असाच गैरसमज होतो काय?
४. आपल्या गावची हवा, घराची जागा व घरातील माणसांचा वेळ पाहता, कोणता सजीव सोबती योग्य ठरेल व कोणता टाळावा?